हौदात उतरणारं मांजर

पाणी तपासायला गेलं की लोक आधी चहा देतात. त्याच पाण्याचा. "बाई, पाण्याला कसला तरी वास येतोय, लेकरांची पोटं बिघडलीत," असं सांगता सांगता कप पुढं येतो, आणि नाही म्हणावं तर घरच्या बाईला वाईट वाटतं. सोलापुरात पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत मी उभी नोकरी काढली आणि असे कितीतरी कप बिनबोभाट घशाखाली घातले. अजून धडधाकट आहे, म्हणजे शहराचं पाणी अगदीच वाईट नसावं.

आमचं काम सांगायला सोपं. घरोघरी जायचं, नळाचं तोंड स्पिरिटच्या पेटत्या बोळ्यानं शेकायचं, पाणी थोडं वाहू द्यायचं आणि उकळून निर्जंतुक केलेल्या बाटलीत नमुना घ्यायचा. बाटलीच्या तोंडाला बोट लागता कामा नये. बोळा फिरवताना लोकांना वाटायचं, बाई नळाला ओवाळतायत. एका आजीबाईंनी तर मागून हातही जोडले होते. शिवाय एक झटपट चाचणी जागेवरच करायची. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं आणि त्यात औषधाचे चार थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे, प्यायला हरकत नाही. पांढरं राहिलं की आमच्या कपाळावर आठ्या. पिवळ्या रंगाचं कौतुक हळद लावणाऱ्या बायकांना आणि आम्हालाच.

तक्रारी नाना तऱ्हेच्या. एक गृहस्थ पाण्याला रॉकेलचा वास येतो म्हणून दर महिन्याला बाटली भरून आणायचे. वास यायचाच, कारण बाटली रॉकेलची होती. दुसऱ्या एक बाई म्हणायच्या, आमच्या पाण्यात डाळ शिजत नाही. मी डाळ बदलायला सांगितली, त्यावर त्यांनी माझी वर तक्रार केली. पण "पाण्यात केस येतात" ही तक्रार आली, तेव्हा मी जरा सरसावून बसले. केस हा प्रकार आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

इमारत अक्कलकोट रोडच्या अलीकडची, चार मजली. सेक्रेटरी बिराजदार सर, मैंदर्गीकडं शाळेत मास्तर होते, निवृत्त होऊन इथं राहायला आले होते. वर्गात बोलले तर बाजारात ऐकू जावं असा आवाज. मी गेटातून आत शिरले न शिरले तोच वरच्या गॅलरीतून सुरुवात झाली.

"या बाई, या! हे बगा की, पाण्यात केसं येत्यात. लई केसं. आमच्या हिचं पोट आठ दिस झालं धरंना. तिसऱ्या मजल्यावर बी तीच गत. आन् हे समदं त्या मांजरामुळं. बालय्या, दाव बाईंना!"

बालय्या म्हणजे इमारतीचे राखणदार. पूर्वी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर होते, जन्म मागांच्या खडखडाटात गेला. घरची भाषा तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. आता पार्किंगमधल्या एका खोलीत राहायचे आणि खोलीच्या बदल्यात गेट, झाडलोट आणि मुख्य म्हणजे पाणी सांभाळायचे. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि वेळ सांगून येत नाही. आलं की पहिलं गढूळ पाणी गटारात सोडायचं, स्वच्छ यायला लागलं की हौदाची चावी उघडायची. हौद म्हणजे पार्किंगच्या पोटातली जमिनीखालची टाकी. ती वेळ चुकली तर पुढचे चार-पाच दिवस सगळी इमारत कोरडी. त्यामुळं पाण्याचा माणूस हा अशा इमारतीत देवाच्या खालोखाल.

बालय्यांनी मला हौदापाशी नेलं. लोखंडी झाकणाचा एक कोपरा गंजून गळाला होता. मी टॉर्च मारला आणि दचकले. आत मांजर पोहत होतं.

बुडत नव्हतं हो, पोहत होतं. मान वर, शेपूट मागं सुकाणूसारखी, अगदी निवांत. एक फेरी मारली, कडेच्या पायऱ्यांवरून वर आलं, अंग एकदा झाडलं आणि माझ्या पायाशी बसून पंजा चाटायला लागलं. मी वाकून हात लावला. केस लांब, पण पोटाशी चक्क कोरडे.

"हे मांजर आहे ना नक्की?" मी मान वर करून विचारलं.

"बंगारी ती," बालय्या म्हणाले. मोठ्यानं बोलायचे, मागवाले सगळेच बोलतात तसे. "बंगारम म्हंजे सोनं ओ बाई आमच्यात. शेपूट बगा की."

सगळं अंग पांढरं. दोन्ही कानांपाशी तांबूस ठिपके, मधून पांढरा पट्टा, आणि शेपूट मुळापासून टोकापर्यंत सोनेरी तांबूस. आमच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचा ब्रश असतो तशी झुबकेदार. चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी हैदराबादहून हौसेनं आणलेलं मांजर. त्यांची बदली झाली, नव्या घरमालकानं जनावर नको म्हणून सांगितलं, आणि हे मागं राहिलं. दिवाळीपासून बालय्यांच्या खोलीत.

त्या दिवशी मी पाण्याचा नमुना घेतला आणि एका पुडीत केसही घेतले. खरं सांगते, पाण्यापेक्षा केसांचीच उत्सुकता जास्त होती. मांजर पाण्याला भितं हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अंगावर तांब्याभर पाणी टाकलं की गल्ली पार करणारी मांजरं मी पाहिली होती. हे कुठल्या मुलखातून आलेलं?

जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. त्यांना मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून करून पाहिला.

"टर्किश व्हॅन दिसतंय. तुर्कस्तानात व्हॅन नावाचं सरोवर आहे, तिकडची जात. डोक्यावर आणि शेपटीवर रंग, बाकी पांढरं, ही त्यांची खूण. आता शंभर टक्के अस्सल आहे का, हे मी फोटोवरून सांगणार नाही. असे ठिपके दुसऱ्या मांजरांतही येतात. पण पोहतं म्हणताय ना?"

"आमच्यापेक्षा बरं पोहतं."

"मग असेल. यांच्या अंगावर आतली लोकर जवळजवळ नसतेच. इतर लांब केसांच्या मांजरांत वर लांब केस आणि खाली दाट लोकर असते, ती भिजली की गोणपाटासारखी जड होते. यांचा एकच थर, रेशमी. पाणी घसरून जातं. आणि वाहत्या पाण्याचं वेड. नळ टपकायला लागला की तासन्‌तास बसतील."

"पण दिवाळीपासून हे मांजर तिथं आहे, केस मात्र शिमग्यानंतर यायला लागले. असं का?"

डॉक्टर हसले. "तुमच्या सोलापूरचं ऊन. थंडीतला अंगरखा काढून ठेवायला लागलंय ते. अजून महिन्यानं बघा, ओळखू येणार नाही."

आणि खरंच आलं नाही. दुसऱ्या खेपेला गेले तर पार्किंगमध्ये वेगळंच मांजर. गळ्याभोवतीची आयाळ गेलेली, अंग तुळतुळीत, सडपातळ. शेपूट तेवढी तशीच झुबकेदार, दुसऱ्याची चोरून लावल्यासारखी. बिराजदार सर तर भडकलेच होते. "दुसरं मांजर आणलंय ह्यानं! एक लपीवलंय, एक फिरवालंय!" मी त्यांना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहरा असा की विद्यार्थ्यानं गृहपाठ कुत्र्यानं खाल्ला म्हणून सांगावं.

तोपर्यंत मला या मांजराचा नाद लागला होता. कामाचं निमित्त काढून मी जायची आणि बघत बसायची. उचलून घेतलेलं तिला मुळीच आवडत नसे; हात लावा, पण धरू नका, असा खाक्या. बालय्यांनी मागावरची एक रिकामी कांडी, म्हणजे सूत गुंडाळायची नळी, तिला खेळायला दिली होती. ती कांडी तोंडात धरून ती बादलीपाशी यायची, पाण्यात टाकायची, बुडते का बघायची आणि पंजानं बाहेर काढायची. पुन्हा टाकायची. बालय्यांचं चुन्याचं डबडंही एकदा असंच तपासून झालं होतं. मला वाटायचं, ही आमच्याच खात्यातली.

पहिला नमुना काठावर पास झाला होता, दुसऱ्या खेपेच्या नमुन्याचा निकाल मात्र वाईट आला. हौदाच्या पाण्यात नको ते जंतू होते. इमारतीची सभा झाली आणि ठरलं की मांजर मैंदर्गीला सरांच्या चुलतभावाच्या शेतावर पाठवायचं. सर मला म्हणाले, "तुमी फकस्त सांगा की मांजरामुळं पाणी नासलं. रविवारी गाडी जायचीय."

मी बालय्यांकडं पाहिलं. ते खोलीच्या दारात उभे होते, तोंड पांढरंफटक. एवढं काय, असं मला वाटलं. मांजरावर माया असते, मान्य. पण हा माणूस घाबरला होता.

"एक पाणी थांबा," मी सरांना म्हटलं. साठलेल्या पाण्यात क्लोरीन तसंही उडून जातं. हौद नासला म्हणजे मांजरानंच नासवला असं होत नाही, पाणी येतानाच कसं येतं ते बघायला हवं. हौद उपसा, घासून घ्या, ब्लीचिंग टाकून धुवा, वर पत्रा ठेवा. पुढचं पाणी येईल तेव्हा मांजर कुठंतरी कोंडून ठेवा. ते पाणी चांगलं निघालं तर मांजराला पाठवा, मी स्वतः स्टँडवर निरोप द्यायला येते.

सर न्यायाचा माणूस. "आमच्याच बाथरूमात कोंडतो. म्हंजे कुणी म्हनायला नगं," म्हणाले.

पाणी आलं ते भरदुपारी. आमच्या चावीवाल्यानं लाईन सोडल्याचा फोन केला आणि मी पोचले. बालय्या स्टुलावर बसले होते. मी शेजारी खुर्ची घेतली. वरून बंगारी ओरडायला लागली. आधी एकदोनदा, मग सारखी, दार ओरबाडत. सगळ्या जिन्यातून आवाज घुमत होता. बायका दारं उघडून बघायला लागल्या. बालय्यांनी मान वर केली नाही. मला रागच आला. एवढं सोनं सोनं म्हणता आणि ती ओरडतेय तर साधं वर बघतही नाही?

मग पाइपात हवा सुरू झाली. पाणी यायच्या आधी पाइप फुसफुसतो, मग गुडगुडतो, हे सोलापुरातल्या शेंबड्या पोरालाही झोपेत कळतं. पाइप बालय्यांच्या पाठीमागं हातभर अंतरावर होता. तो फुसफुसला, गुडगुडला, नंतर धो धो वाजायला लागला. बालय्या बसूनच. जिन्याखालच्या कोपऱ्याकडं टक लावून बघत होते. तिथं काहीच नव्हतं.

माझ्या अंगावर काटा आला. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "बालय्या, पाणी आलं."

त्यांनी माझ्या ओठांकडं पाहिलं, ताडकन उठले आणि चावी फिरवली. गढूळ पाणी गटारात जाऊ दिलं. मग पाठमोरेच बोलायला लागले, नेहमीसारखे मोठ्यानं नाही, त्यांच्या मतानं कुजबुजत.

"बाई, सांगू नका. मागानं कान खाल्ले ओ. समोरून बोललं तर ओठावरनं कळतंय, मागावर आमी तसंच बोलतो. पन पाइपाला ओठ कुटं असतंय? बायको होती तवर ती सांगायची पानी आलं म्हून. ती गेली. मग बंगारी आली. पानी यायच्या आदी ती त्या कोपऱ्यात जाऊन बसतीय. ती उटली की मी उटतो. ती गेली तर एक बी पानी धरता येनार न्हाई मला. खोली जाईल."

मी शहराच्या पाण्यातला कण अन् कण मोजत आले. मागांच्या शेडमधून रोज जाणाऱ्या माणसांच्या कानांत काय भरलं जातं, त्याचा नमुना कुणी कधी घेतला नाही. त्या दुपारी मला आमच्या पिवळ्या-पांढऱ्या नळ्यांची पहिल्यांदा लाज वाटली.

पण नळीशिवाय मला दुसरं येतंय काय? स्वच्छ पाणी यायला लागल्यावर हौदाच्या तोंडाशी नमुना धरला. थेंब टाकले. पांढरं. पुन्हा केलं. पांढरंच. शेजारच्या बंगल्यात जाऊन त्यांच्या नळाचं घेतलं, तर छान पिवळंजर्द. म्हणजे रस्त्यावरच्या लाईनपर्यंत पाणी चांगलं, आणि गेटापासून हौदापर्यंत येताना नासत होतं. हौद धुतलेला, मांजर बाथरूमात. नासवणारा पाइपच. पार्किंगखालून गेलेला, इमारतीचा स्वतःचा. त्याला कुठंतरी भोक होतं. पाणी चालू असताना त्या भोकातून पाणी बाहेर गळतं. पाणी बंद झालं की रिकामा पाइप बाहेरची घाण आत ओढतो, आणि पुढच्या खेपेला ती घाण हौदात. आमच्या कामातली ही नेहमीची रड. फक्त भोक शोधायला सगळी जमीन फोडावी लागते.

"सगळी?" सर हादरले. "आत्ता तर टाइल्स बसवल्यात की!"

सर टाइल्स मोजत गेटाकडं गेले, तेवढ्यात मी बालय्यांच्या समोर जाऊन विचारलं. "ती नक्की कुठं बसते?"

त्यांनी जिन्याखालचा कोपरा दाखवला. गटाराच्या चेंबरला लागून एक टाइल. "हितं. कान लावून बसतीय. पंजा मारतीय मदीमदी."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गळती शोधायला आमच्याकडं जुने फिटर लोखंडी सळई जमिनीला टेकवून दुसरं टोक कानाला लावायचे आणि खालची सूंऽ ऐकायचे. बंगारीला सळई लागत नव्हती. वाहत्या पाण्याची वेडी ती. फरशीखाली पाणी पळतंय आणि आपल्याला दिसत नाही, म्हणून दर पाण्याला तिथं जाऊन बसत होती.

सरांना म्हटलं, एकच टाइल फोडा. चुकलं तर नवी टाइल माझ्याकडून. गवंड्यानं टाइल काढली, वीतभर खणलं, आणि पाणी उसळून वर आलं. पाइप कुजून चाळणी झालेला, त्याला लागूनच चेंबरची फुटकी भिंत. वास असा आला की बघायला जमलेले सगळे नाकाला पदर, रुमाल लावून मागं सरले. सरांनी तेवढा रुमाल नाही लावला. ते खाली वाकून बराच वेळ बघत राहिले.

"तुमाला कसं कळलं हितंच हाय?"

"मांजरानं सांगितलं."

"कुणाला?"

बालय्या सरांच्या मागं उभे होते. त्यांना सरांचे ओठ दिसत नव्हते, पण माझे दिसत होते.

"मला," मी म्हटलं.

सर स्वतः वर गेले आणि बंगारीला सोडून आले. बाथरूमात तिनं नळाचा दांडा पंजानं वर ढकलून बादली भरून घेतली होती आणि सरांचा दाढीचा ब्रश, साबणाची डबी, झाडून सगळं त्यात बुडवून ठेवलं होतं. मैंदर्गीची गाडी रविवारी तिच्याशिवाय गेली. पाइप बदलला, हौदाला नवं घट्ट झाकण बसलं. लोकांची पोटं सुधारली.

मला मात्र एक रुखरुख होती. नवं झाकण बसलं म्हणजे बंगारीचं पोहणं बंद. शहराला शुद्ध पाणी हवं हे बरोबरच. पण सरोवराकाठच्या जातीला सोलापुरात एक हौद मिळाला होता, तोही मीच बंद करवला.

निवृत्तीच्या थोडं आधी, नवरात्राच्या सुमाराला, शेवटचा नमुना घ्यायला गेले. हौदात साठलेलं पाणी असूनही फिकट पिवळं आलं. गळ्याभोवती नवी आयाळ फुटलेली बंगारी बालय्यांच्या खाटेवर झोपली होती. चावीजवळ एक निळं पिंप आडवं कापून ठेवलेलं दिसलं.

"पयलं गढूळ पाणी गटारात सोडन्यापेक्षा ह्यात सोडा म्हटलं," सर जरा ओशाळून म्हणाले. "तेवडंच डुंबती."

त्या दिवशी पाण्याचा वार होता, त्यामुळं बायका-माणसं पार्किंगमध्येच होती. बालय्या खाटेकडं तोंड करून स्टुलावर बसले होते आणि सरांना त्यांना काहीतरी विचारायचं होतं. त्यांनी मागूनच हाक मारली, "बालय्या!" बाजारात ऐकू जाईल अशी. बालय्या वळले नाहीत. सरांनी पुन्हा मारली. तेवढ्यात खाटेवर बंगारीचे कान उभे राहिले. ती उतरली, चालत त्याच जिन्याखालच्या कोपऱ्यात गेली आणि बसली; गळती गेली तरी नवा पाइपही तिथूनच गेला होता. बालय्या लगेच उठून चावीकडं निघाले. नंतर पाइप फुसफुसला.

सर जागच्या जागी थांबले. एकदा मांजराकडं पाहिलं, एकदा बालय्यांच्या पाठीकडं, मग माझ्याकडं.

"म्हंजे बाई, तवा मांजरानं तुमाला न्हाई सांगितलं, ह्याला सांगितलं."

 सर चालत बालय्यांच्या समोर गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बालय्यांनी दचकून आधी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, असं वाटलं असणार. मी नाही म्हणून मान हलवली आणि बंगारीकडं बोट केलं.

आजूबाजूला माणसं होती. आयुष्यभर ओरडत आलेल्या बिराजदार सरांनी त्या वेळी आवाज अजिबात काढला नाही. फक्त ओठ हलवले. आवाज निघाला की नाही, हे बालय्यांना कळायला मार्गच नव्हता. सरांनी आवाज गिळला तो आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून. मी बाजूला उभी होते म्हणून मला तेवढं वाचता आलं.

"खोली तुझीच हाय."

"व्हय सर!" बालय्या एवढ्या मोठ्यानं म्हणाले की सगळं पार्किंग वळून बघायला लागलं. कुणाला काही कळलं नाही. माझे डोळे भरून आले आणि मी बाटलीचं बूच लावायच्या निमित्तानं खाली बघितलं. गढूळ पाणी पिंपात पडायला लागलं होतं, आणि बंगारी त्यात कांडी टाकून स्वतःही उतरली होती.